वरचा स्वल्पविराम

मला इंग्रजी वाचता येत नाही,
काढता येते.
सेलूच्या मोंढ्यातली निम्मी इंग्रजी
माझ्या ब्रशातून उतरलेली आहे.

मराठीचं बरं असतं. आधी दोरी ताणायची,
मग एकेक अक्षर तिला लटकवायचं, धुणं वाळत घातल्यासारखं.
इंग्रजीला दोरीच नाही.
प्रत्येक अक्षर सुटं, उन्हात,
स्टँडवर परभणीच्या गाडीची वाट बघत,
शेजारच्याशी ओळख नसल्यागत.

चुका माझ्या नावावर आहेत, लपवत नाही.
वह्या-पेनांच्या दुकानावर ई-च्या जागी ए काढला,
तर काझी मॅडम स्कूटी थांबवून म्हणाल्या,
मुंजाजी, आता याचा अर्थ झाला, जागचं न हलणारं.
म्हटलं, मॅडम, तसंही हे दुकान
अकरा वर्षांत कुठं हललंय.
त्या हसल्या. ए तसाच राहिला.

फाटकापाशी थंडगार बिअरचं मी अस्वल केलं होतं.
गिऱ्हाईक वाढलं,
मालकानं तरी पन्नास रुपये कापले.

पण खरं कोडं पडलं ते बुरांडे अप्पांच्या पाटीपाशी.
पत्रे, तारा, खिळे, आणि शेवटी: अँड सन्स.
जुना रंग खरवडला. इंग्रजीखाली मराठी निघाली,
मराठीखाली उर्दू, उजवीकडून डावीकडे चाललेली,
अप्पांच्या आज्याच्या नावाची, निजामाच्या वेळची.
तिन्हीखाली पत्रा तोच.

थोरला मन्मथ खालून म्हणाला,
एस-च्या आधी वर एक टिंब दे, शेपटीवालं.
मोठ्या दुकानांवर असतंय.
धाकटा शरणप्पा म्हणाला, आधी न्हाई, नंतर.
मी शिडीवर. लाल रंग कोपरापर्यंत ओघळलेला.
आणि टिंब ते केवढं,
तारेवरच्या चिमणीएवढंही नाही.

काझी मॅडमकडं गेलो.
त्या पेपर तपासत होत्या, त्यांचाही रंग लालच.
म्हणाल्या, आधी दिलं तर दुकान एका पोराचं.
नंतर दिलं तर सगळ्या पोरांचं.
आणि दिलंच नाही तर?
तर नुसती पोरं. एकाहून जास्त, एवढंच कळतं.
तुमच्या पाटीवर तेच बरोबर.
इथं मालकी नाही, मोजणी आहे.
मी उठलो तसं पुन्हा म्हणाल्या,
आणि मोजणी तरी कुठं पुरी आहे.

ते मला दुकानात परत आल्यावर उमगलं.
गल्ल्यावर महानंदा बसली होती.
अप्पांना वारं गेलं तेव्हापासून तीच बसते.
मॅडम सांगतात, इंग्रजीत ‘तेव्हापासून’ला एक शब्द
आणि ‘सात वर्षं’ला दुसरा,
पोरं हमखास घोटाळा करतात.
हिला दोन्ही लागू.

मी टिंब दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. चुन्याचं, एस-च्या आधी.
तिसऱ्या दिवशी ते पुसलेलं, आणि एस-च्या नंतर नवं.
मग रोजचंच झालं. कधी आधी, कधी नंतर,
पौर्णिमेला दोन्हीकडं.
हमालांनी चहाच्या पैजा लावल्या.
काय काढायलास रे मुंजा, म्हणून मलाच विचारू लागले.

महानंदानं बोलावून घेतलं. शिडी तिनंच धरली.
पाटी पुसून उतरलो तर तिनं
खतावणी उघडली, तारीख घातली
आणि दोरी न ताणता, सरळ ओळीत लिहिलं:
टिंब पुसणे, मजुरी, वीस रुपये.

म्हटलं, अप्पांनी विचारलं तर?
म्हणाली, अप्पांनीच सांगितलंय लिहून ठेवायला.
अशा अकरा नोंदी झाल्यात.
उद्या सकाळी शिडी घेऊन बारावीला जायचंय.