उतरंड

बेक्सहिलच्या शाळेत, दहावीच्या भूगोलाच्या तासाला
मी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढते.
डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका,
तळाशी पाळण्यातले, माथ्याला नव्वदीपार.
याला पिरॅमिड म्हणतात, मी इंग्रजीत सांगते,
आणि मनातल्या मनात म्हणते, उतरंड.

कऱ्हाडला आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होती ती:
खाली ज्वारीचं ढेरपोटं मडकं, वर तांदूळ, वर तूरडाळ,
वर मेथ्या, आणि अगदी टोकाला
मुठीत मावेल एवढं बोळकं,
त्यात आईचे कुणाला न सांगितलेले पैसे.
तिच्या आईला नऊ झाली. चार राहिली.
हे कुणी रडून सांगत नसे,
वाण्याचा हिशेब सांगावा तसं सांगत.
तळाचं मडकं मोठं असायचं
कारण ते गळायचं.

वर्गाला मी हेच वेगळ्या शब्दांत सांगते:
रुंद पाया म्हणजे भरभराट नव्हे, पोरांनो.
लस येते, नळाला पाणी येतं, मुली शाळेत जातात,
मग पाया हळूहळू आत सरकतो,
पोट भरलेल्या माणसानं ताटावरून हात मागे घ्यावा तसा.
आणि पुढे कधीतरी इतका आत
की वरचं सगळं डुगडुगायला लागतं.
"मग बरोबर माप कोणतं, मिस?" कॅलम विचारतो.
मी मार्करचं टोपण शोधत राहते.

गृहपाठ: आपापल्या रस्त्याची आकृती काढा.
एका माणसाला एक चौकोन.

टीगन हॉलिसनं आणली समुद्राकडच्या रस्त्याची.
माथ्याला गर्दी, सर आल्यावर बसथांब्याच्या छपराखाली होते तशी.
तळाशी एकच चौकोन, चौदा नंबरातलं बाळ.
आणि सगळ्यात वर, पंच्याण्णवच्या ओळीत, एक
खोडलेला, पुन्हा काढलेला, पुन्हा खोडलेला.
"मिसेस पार्जेटर. मंगळवारी मोजल्या तेव्हा होत्या.
बिस्किट दिलं मला, मऊ पडलेलं.
शुक्रवारी नव्हत्या. ठेवू की पुसू?"

जनगणनेची एक रात्र ठरलेली असते, मी म्हटलं,
त्या रात्री जो घरात, तो मोजायचा.
"पण मी दिवसा गेले होते," टीगन म्हणाली.

एमेकाची आकृती मधेच फुगलेली,
उजवीकडे, तीस ते पन्नास.
"ही आई. या तिच्या मैत्रिणी, केअर होममध्ये रात्रपाळीच्या.
त्या खालून नाही आल्या, मिस. बाजूनं आल्या."

सोळा वर्षं हा धडा शिकवून
मला हे असं म्हणायला सुचलं नव्हतं.
जन्म तळाला, मरण कुठल्याही पायरीवर,
आणि हे तिसरं दार, भिंतीतलं,
जिथून मी शिरले एकोणतिसाव्या वर्षी
दोन बॅगा आणि बी.एड.चं प्रमाणपत्र घेऊन.
तेव्हा कऱ्हाडच्या एका ओळीत
एक चौकोन पांढरा पडला असणार.
त्याच्या बऱ्याच वर, ऐंशीच्या रांगेत, आई;
तिच्या सोबतीला रात्री झोपायला येणारी सुमन
माणदेशातून आलेली,
तीही बाजूनंच.

टीगनला पूर्ण गुण दिले. चौकोन तसाच ठेवला,
फक्त कडेला तारीख लिहायला सांगितली.

घरी माझे डबे सगळे एकाच मापाचे, सुपरमार्केटचे;
कुठलाही खाली ठेवा, काही बिघडत नाही.
रात्री आईला फोन केला.
उतरंड आहे का गं अजून?
"कुठली? मडकी केव्हाच गेली.
ते वरचं बोळकं तेवढं आहे," ती म्हणाली,
"त्यात गोळ्या ठेवते. सकाळच्या."