परत आलेले चिमटे

ताइचुंगच्या उत्तरेला, दाजियात,
अळकुडीच्या शेतांना पाठ लावून
आमचा कारखाना उभा आहे.
इथून सायकलींचे चिमटे जगभर जातात.
जातात, असंच होतं सव्वीस वर्षं.
या मार्चपासून येऊ लागलेत.

खोक्यांवर नावं आर्हुसची, घेंटची,
एक गाव तर ट्रकवाल्या लियाओलाही वाचता येईना.
"माहेरी आल्या पोरी," तो म्हणाला,
कुणी हसलं नाही तेव्हा
पावतीवर सही घेऊन निघून गेला.

माझं काम सोपं आहे.
नंबर वाचायचा. यादीत खूण करायची.
मानेखाली दोन बोटं सोडून करवत लावायची.
दोन्ही तुकड्यांचा एकत्र फोटो,
म्हणजे पुन्हा कुणी जोडणार नाही, विकणार नाही,
कुणाच्या पोराच्या सायकलीला बसवणार नाही.
काळी धूळ उडते, मास्कच्या कडेनं आत शिरते.
रात्री भातालाही तीच चव.

दोष डोळ्यांना दिसत नाही.
नाण्यानं वाजवून बघावं लागतं, कलिंगड बघतो तसं.
चांगला चिमटा टण्ण म्हणतो.
हे ठप म्हणतात.
सगळे नाही. काही.
काही तर इथेही टण्ण म्हणतात
आणि उतारावर, ब्रेक दाबल्यावर, खरं बोलतात.

तपासणीचा ठसा माझा. गोल, निळा, आत सतरा.
त्या रात्री वीज गेली, भट्टी अकरा मिनिटं थंड पडली.
त्सुंग-हाननं विचारलं, "ताई, हा घाणा बाजूला काढू?"
शनिवारी जहाज होतं.
मी म्हटलं, राहू दे, भट्टी ऊब धरून ठेवते.
(वाक्य अजून पाठ आहे. कुणी विचारलं तर सांगेन.
चौकशीच्या कागदात कारण लिहिलंय: वीजपुरवठा.)

आर्हुसमधल्या एका शाळामास्तरांचा फोटो कचेरीत आला.
मी मागितला नव्हता, पण कपाटाच्या दारावर लावलाय.
हेल्मेट शाबूत आहे.
हनुवटीला हेल्मेट नसतं.

काल एक चिमटा टॉवेलात गुंडाळून आला,
बदकांचा टॉवेल, लहान मुलाचा.
चिमट्यावर अजून घंटीचा वण.
टॉवेल परत पाठवायचा का, यादीत तसा रकाना नाही.
धुऊन दोरीवर टाकलाय.

आणि आज एक असा, ज्याचा नंबरच आमचा नाही.
दोन वर्षं आधीचा, धडधाकट.
सोबत ग्रोनिंगनच्या बाईंची चिठ्ठी, लियाओच्या मुलीनं वाचून दाखवली:
सासऱ्यांची सायकल. आकडे पुसट झालेत.
तुमचा नसेलही, पण मला झोप लागत नाही.
मी तीनदा वाजवला. टण्ण. टण्ण.
तिसऱ्यांदा सगळी शेड ऐकत होती.
नियम असा, की आलेला प्रत्येक कापायचा.
चांगला चिमटा कापायला जास्त वेळ लागतो.

गेले चार हजार एकशे बारा.
आले तीन हजार चारशे नव्वद.
वजाबाकी साहेब करतात, फळ्यावर, लाल खडूनं.
मी तिकडे बघत नाही. मला ते सहाशे बावीस ऐकू येतात:
पत्र जुन्या पत्त्यावर पडलंय, न फोडलेलं,
आणि कुणी पाव घेऊन निघालंय,
कुणी एका हातानं, शीळ घालत,
दगडी फरसबंदीवरून.

संध्याकाळी घरी जाते माझ्याच सायकलवर.
पोलादी चिमटा, थोरल्या दिरानं जोडलेला,
चाळीस वर्षं कुरकुरतोय पण हलला नाही.
तरी कालव्याच्या पुलावर उंचवटा आला
की मी उतरते. हातात धरून नेते.
मागून शाळेची पोरं येतात, सायकलींवर उभी राहून,
उंचवट्यावरून उडी मारून पुढे.
"मावशी, पंक्चर?"
मी म्हणते, हो.