पहिलं दळण

सकाळी सव्वासहाला सुपडूआप्पा शटर वर करतात
तेव्हा मी पायरीवर असते, डब्यात पाच किलो दादर.
आप्पा, आज माझं पहिलं.
कुणाचाही गहू पडायच्या आधी.
आप्पांच्या भुवयांवर अजून कालचं पीठ.
"काय जयं व माय, सोवळं पाळी ऱ्हायनी का?"
हो म्हणून टाकते.
सोवळंच हे. फक्त देव कोणता
ते अजून पक्कं नाही.

सोळा वर्षं लोहाच्या गोळ्या.
हिमोग्लोबिन सातावरून आठावर, आठावरून सातावर,
पोरानं एकाच पायरीवर खेळत बसावं तसं.
सासूबाई म्हणायच्या, खाते तर चांगली, अंगी लागत नाही.
मावशीनं मीठ-मिरच्या उतरवून विस्तवात टाकल्या,
घरभर ठसका उठला, म्हणजे नजर नव्हती.
तो माझा पहिला निगेटिव्ह रिपोर्ट.

मग धुळ्याच्या डॉक्टरीणबाई, माझ्याहून लहान.
रक्ताचा कागद पुन्हा वरून वाचला.
शंका आहे म्हणाल्या, गव्हाची. दुर्बीण घालून बघू.
पण तोवर गहू सोडायचा नाही, रोज दोन पोळ्या,
नाहीतर पुरावा पुसला जाईल.
सहा आठवडे मी जेवले नाही,
आरोपीला पोसलं.
रात्री पोटावर हात ठेवून पडायचं
आणि सकाळी त्याच्यासाठीच पुन्हा कणीक मळायची.

मंगळवारी पाच तुकडे काढले, तिळाएवढे.
रिपोर्ट बारा दिवसांनी.
आता बंद करून बघा, हरकत नाही.

बुधवारी चष्मा लावून हिंगाची डबी वाचली.
हिंगात गव्हाचं पीठ!
कुरडया गेल्या, शेवया गेल्या, बट्टी गेली,
जुनी काठवट गेली, तिच्या चिरांत
किती वर्षांची कणीक असेल कोण जाणे.
माझे वडील पारोळ्याहून परत जाताना
एसटीत सगळ्यांना सांगत होते म्हणे,
पोरगी गव्हाच्या घरात दिली.
आमच्याकडे पोळी पाव्हणा आला तरच,
एरवी दादरची भाकरी, कळण्याची भाकरी,
आणि ती लपवून खायची, शाळेत कुणी बघू नये म्हणून.

पाचव्या दिवशी कानबाई.
घरात जितके पुरुष तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू:
सासरे, नवरा, दोन दीर, त्यांची पोरं.
माझी मूठ त्यात कधीच नव्हती,
संपवायला मात्र मी होते.
रोट बाहेरच्याला द्यायचे नसतात.
सासूबाई म्हणाल्या, नखाएवढा तरी घे, देवीचा आहे.
मी म्हटलं, नखाएवढाही नाही चालत.
पंगतीत सगळ्यांची बोटं थांबली.
मग तू बाहेरची का, असं कुणी विचारलं नाही.
भारतीनं, धाकट्या जावेनं, माझ्या ताटातला रोट उचलला
आणि पाणी न पिता खाल्ला.

आठ दिवस भातावर काढले.
काल गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले,
मधे कठड्याला टेकले नाही.
वर गेल्यावर लक्षात आलं आणि भीती वाटली.
हे पोट शांत झालंय की मनच
शहाण्यासारखं वागतंय?
आणि कागदावर काहीच नाही असं आलं तर?
तर ही गच्ची कुणाची?
रात्री दिव्याला हात जोडले आणि काय मागायचं
ते सुचेना. आजार दे, असं कसं म्हणायचं,
लेकराबाळांच्या घरात.
तरी म्हटलं. हळू.

पट्टा फिरतो. पन्हाळीतून पांढरं पीठ येतं, कोमट.
पहिली मूठ आप्पा बाजूला काढून ठेवतात.
"इतला गहू ते ऱ्हासच ना माय, दगडमा."
मी अजून एक मूठ काढायला सांगते.
आणि अजून एक.
रिपोर्टला तीन दिवस आहेत.