बाकी लोखंड

उद्यमबागेत रात्रपाळीला
इराप्पा भट्टीवरनं नमुना धाडतो,
रुपयाएवढी चकती, अजून बोटाला चटका देणारी.
मी ती चाकावर घासतो,
यंत्राच्या तोंडावर उपडी ठेवतो.
आरगॉनचा फुसकारा, मग ठिणगी: चर्रर्र.
कार्बन तीन पूर्णांक चार, सिलिकॉन दोनला कमी,
गंधक चालेल इतका.
जो तो आपापल्या रंगात बोलतो, यंत्र ऐकून घेतं.
सत्तावीस वर्षं झाली.
आता नुसत्या चर्रवरनं कळतं
चकतीत पोकळी आहे का.

श्रुतिका सुट्टीला आली, तेव्हा डबा घेऊन थेट आत.
मुल्लाचाचांनी गेटवहीत लिहिलं:
देसूरकरांची पोरगी, आकाशखातं.

कागद बघून म्हणाली, बाबा, ह्यात लोखंड कुठाय?
म्हटलं, लोखंड आम्ही मोजत नाही.
बाकीचं सगळं मोजतो, शंभरातनं वजा करतो,
उरेल ते लोखंड.
ती हसली नाही. डब्याचं झाकण हातात धरून
उभीच राहिली.
'आमचंबी तसंच की वो.'

मग त्याच कागदाच्या पाठीवर तिनं काढून दाखवलं.
लांबची एक आकाशगंगा, काळीज जागं असलेली.
मधोमध कोटभर सूर्यांच्या वजनाचं काहीतरी,
जे दिसत नाही,
भोवती गरगरणाऱ्या वायूवरनं ताडायचं.
त्या वायूतही लोखंड.
पण आमच्या यंत्रात त्याची रेष सुईसारखी उभी,
तिथं ती ताणलेली:
निळ्या अंगाला कडा,
तांबड्या अंगाला यळ्ळूरच्या डोंगरासारखी लांब उतरण.
जड जाग्यातनं वर येताना
उजेड दमतो म्हणे.

आमच्या भागात रेष म्हटलं की
माणसं आवाज खाली करतात.
नकाशात ती केसाएवढी.
जमिनीवर तिची रुंदी मोजायला गेलात
तर निपाणीपासून खानापूर,
दुकानांच्या पाट्या, रेशनकार्डं, सोयरिकी,
सगळं तिच्या आतच.
मी बोललो काही नाही.
रेष रुंदावली म्हणजे जवळ काहीतरी जड आहे
एवढं मात्र पटलं.

ती म्हणाली, मधे भडका उडतो
आणि अकरा मिनिटांनी लोखंड ओ देतं.
त्या उशिरातनं मी अंतर काढते.
सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ लागतात.
मग अकरा काय लांब नाही, मी म्हटलं.
मी आकडा ओरडला की भट्टीत माल पडून
दुसरी चकती इथं येईस्तोवर तेवढी होतातच.
तिनं लगेच घड्याळ काढलं.

खिडकीतनं हाक घातली,
'इराप्पा, स्वल्प सिलिकॉन हाकप्पा!'
पलीकडं धूर, घणाचा एक ठोका,
मग बराच वेळ काहीच नाही.
भाकरी गार झाली.
तिला ह्या वाट बघण्याची सवय दिसली,
मलाच नव्हती, इतकी वर्षं करून.
'आयतू!' आलं तेव्हा
साडेबारा मिनिटं.
'तुमची भट्टी थोडी लांब आहे,' ती वहीत लिहीत म्हणाली.

जाताना तिनं जळालेली एक चकती मागून घेतली.
ठिणगीचा डाग:
मधे चकाकी, भोवती काळं कडं.
'आमच्यात उलटं,' म्हणाली,
आणि ओढणीच्या टोकात गाठ मारली.

रात्री अहवालात सगळे आकडे भरून झाल्यावर
तळाला मी पेनानं लिहिलं: बाकी.
सकाळी साहेबांनी विचारलं, हे काय नवीन?
म्हटलं, नवीन नाही,
लिहायचं राहून गेलं होतं.