सुपलीची पाचवी पातळी

गुरुवारी साडेसातला, हल शहरात,
गालिच्यांच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही चौघं जंगलात शिरतो.
मॉरीन दिवसभर बावीस नंबरची बस चालवते,
रात्री डोंगर, दरोडेखोर आणि हवामान.
कॅलम कॅरव्हॅनच्या कारखान्यातून येतो,
नखांत फायबरची भुकटी घेऊन.
टुंडे औषधांच्या दुकानातला,
त्याला नियम पाठ, गोळ्यांच्या मात्रेसारखे.

माझ्या भाडेकरारात कलम नऊ: प्राणी पाळता येणार नाही.
कागदावरचा चालतो का,
मी विचारलं नाही.

पुस्तकात लांडगा होता, अस्वल होतं, बहिरी ससाणा.
खवल्या मांजर नव्हतं.
बॅजरचे आकडे घे, मॉरीन म्हणाली, नाव तुझं लाव.
लावलं. सुपली.
कॅलम तिला सूप म्हणतो
आणि दर गुरुवारी त्याच्यासोबत ब्रेड मागतो.

आज ती पाचव्या पातळीवर गेली.
तीन गुण वाटायचेत.
टेबलावर चिप्स, त्यांच्यावर इथला तो लालसर मसाला,
आणि सल्ले.
दात वाढव, टुंडे म्हणतो, चाव्याला आणखी एक फासा मिळेल.
तिला दात नसतात, मी म्हणते.
मॉरीन चष्मा कपाळावर सरकवते.
एकही नाही?
एकही नाही. जीभ आहे, हातभर. मुंग्या खाते.
गिळलेले खडे पोटात दळण दळतात.
मग खवल्यांवर पोलाद चढव, कॅलम म्हणतो.
एकदा गोळा झाली की ड्रॅगन नुसता लाथा मारत बसेल.

एकदा गोळा झाली की.

मी आठ वर्षांची. मंडणगडचा घाट,
जीपच्या उजेडात रस्त्यावर काहीतरी, फणसाएवढं.
दोघं उतरले, ड्रायव्हर आणि माझा मामा.
काठीनं ढोसलं. ते आणखी घट्ट झालं.
तेवढंच त्याला येत होतं
आणि तेवढ्यानंच काम सोपं झालं.
पळत नाही, चावत नाही.
उचललं, पोत्यात घातलं.
खवले वाजले,
कुणी अंधारात तांदूळ पाखडावेत तसे.
मागच्या सीटवर मी लिमलेटची गोळी
या गालातून त्या गालात केली.

हे मी टेबलावर सांगत नाही.
म्हणते, खवले पुरेत तिला.

पहिला गुण कानांना.
म्हणजे दोन वळणं आधी कळावं, कोण येतंय.
दुसरा पायांना, मागच्या.
तिसऱ्यावर पेन्सिल अडली.
मॉरीन, तिला सुटायला शिकवता येईल?
म्हणजे भीती असतानाच,
मी हाक मारली की उलगडायचं आणि पळायचं.
टुंडे पानं उलटतो. असा गुण नाहीये.
पुन्हा उलटतो. खरंच नाही.
मॉरीन खिडकीतून हंबरच्या दिशेनं बघते,
तिकडे काळोख सोडून काही नसतं.
फासा टाक, म्हणते. पंधराच्या वर.

अकरा पडले.

चौघंही त्या अकराकडे बघत राहिलो.
कॅलमनं उरलेल्या चिप्स माझ्याकडे ढकलल्या.
शिकतेय ती, मॉरीन म्हणाली,
पुढच्या आठवड्यात परत टाक, बारा पुरतील.
नियमात बसत नाही हे, टुंडे पुटपुटला,
आणि त्यानंच माझ्या कागदावर
शेवटी एक नवी ओळ आखली, पट्टी धरून.
मी तिथं लिहिलं: उलगडणं.
मराठीत. त्याला वाचता येत नाही,
पण चौकट त्यानं बरोब्बर मापाची सोडली होती.

निघताना वारा होता,
सायीच्या रंगाच्या टेलिफोन बूथचं दार आपटत होतं.
कागदाची घडी घालायला हात गेला.
घातली नाही.
कोटाच्या आत, छातीशी सपाट धरला,
आणि वाऱ्याकडे पाठ करून
स्टॉपपर्यंत उलटी चालत गेले.