मांडीवरचा उजेड

चेहरे कापून मगच फोटो माझ्यापर्यंत येतात.
नाव नाही, नंबर नाही. वरून, काचेतून, तिरकं घेतलेलं
एक स्टिअरिंग, सीटबेल्टचा पट्टा, आणि हात.
दिवसाला सातशे-आठशे हात.
मशीनला शंका येते; शंका फेडायला माणूस लागतो.
तो माणूस मी. ग्लेनिस टलक, डबो, खिडकीपासून तिसरं टेबल.

दोन बटणं आहेत. आहे. नाही.

काळं, चौकोनी दिसलं म्हणजे फोनच असेल असं नाही.
चष्म्याचं घर असतं. पाकीट. चॉकलेट.
एकाच्या कानाशी चक्क पावाचा तुकडा होता,
का, ते मला अजून कळलेलं नाही.
एकीच्या मांडीवर मांजर, गाढ झोपलेलं:
ते दुसऱ्या कलमात जातं, दुसऱ्या टेबलावर.
एक म्हातारा, म्हणजे मनगटांवरून म्हातारा,
फोटो जिथे कापला होता तिथे, हनुवटीशी,
दोन्ही हातांनी काहीतरी धरून.
खूप मोठं करून पाहिलं.
माउथ ऑर्गन.
न्यूएल हायवेवर, ताशी एकशे दहाने, कोणासाठी कोण जाणे.
माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही होतं. मी नाही दाबलं
आणि सुपरवायझरला हाक मारली.

बाकीचे आहे, आहे, आहे.
मांडीवर तेवढाच एक उजेड,
फ्रिजचं दार उघडं राहिल्यासारखा.

दंड चारशे डॉलरच्या आसपास, आणि पाच गुण;
जोडून सुट्टी आली की दहा.
इथे गुण मिळणं वाईट. तेरा झाले
की लायसन्स घरी बसतं, माणूसही.
लोक म्हणतात, सरकारला पैसे हवेत.
पबमध्ये मी सांगते, मी इन्शुरन्समध्ये आहे.

मार्चातल्या एका बुधवारी एक हात आला.
अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं:
लोकरीचे गठ्ठे दाबायचं यंत्र, एकोणीसशे ब्याऐंशी.
मी बाजूलाच होते. दोघंही ओरडलो, मीच जास्त.
मर्व. माझा भाऊ.
हातात फोन, स्क्रीन पेटलेली, शंकेला जागाच नाही.

नियम आहे: ओळखीचं वाटलं तर दाबू नका, पुढे द्या.
मी पुढे दिला.
दिलरुक्षीने चहाचा कप खाली न ठेवता दाबलं.
आहे.

दोन-तीन आठवड्यांनी, रविवारी, तो जेवायला आला,
पत्र घडी घालून खिशात.
गुरांचा ट्रक चालवतो. आधीचे सहा होते, आता अकरा.
"शाळेत कधी अकरा मिळाले नव्हते मला," म्हणाला,
पण हसला नाही.
हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.
मी त्याला बटाटे वाढले. पत्र वाचून परत दिलं.
वेळ छापली होती: दुपारी चार वाजून सतरा मिनिटं.

भांडी आवरल्यावर मी माझा फोन उघडला,
वर वर सरकवत मार्चापर्यंत गेले.
मंगळवार. चार सोळा.
"आईच्या गोळ्या घेतल्यास का? लगेच कळव."
माझा टी-ब्रेक होता.
लगेच असं का लिहिलं, आठवत नाही.
गोळ्या शुक्रवारपर्यंत पुरणार होत्या.
खाली त्याचं उत्तर:
"हो, आत्ता थां"

पुढे काही नाही.
तिथे काय आडवं आलं, कांगारू, वळण, कोणाची गाडी,
ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आमच्या फॉर्मवर पाठवणाऱ्यासाठी रकाना नाही.
दिलरुक्षीला एकदा म्हणणार होते तसं,
मग तिची फाइल उघडली, माझीही.
आता टी-ब्रेकला माझा फोन ड्रॉवरमध्ये असतो.
मर्वला लिहायचं तर सातनंतर,
तेही आधी त्याच्या बायकोला विचारून: पोचला का?

काल माउथ ऑर्गनवाला पुन्हा आला.
तीच मनगटं, तोच शर्ट.
या वेळी एकच हात हनुवटीशी.
दुसरा स्टिअरिंगवर.