सात बोटांचा हिशेब

उद्यमबागेत रातपाळीला
प्रेसनं माझी तीन बोटं घेतली.
अकरा वर्षं झाली.
जाळी देवपुत्र होसमनीनं काढून ठेवली होती,
माल लवकर निघावा म्हणून.
चौकशीला साहेब आले तेव्हा तो म्हणाला,
शांतवननंच काढली, मी बघितलं.
कागद कानडीत होता.
मला सही येत होती,
पण उजवा हात बँडेजात,
म्हणून डावा अंगठा दिला.

भरपाई काही नाही.
म्हणजे, खरं सांगायचं तर,
पाच किलो साखर,
आणि मालकाच्या गाडीतून घरापर्यंत.

आमच्या देवळात आठला मराठी उपासना,
दहाला कानडी.
आम्ही बाहेर पडतो, ते आत येतात.
त्या अरुंद दारातून
त्याच्या खांद्याला खांदा न लागता निघायला
मी अकरा वर्षांत शिकलो.
प्रार्थनेत ऋण सोडायची ओळ आली
की मला खोकला यायचा.
सुवार्ताला, माझ्या बायकोला, ते कळायचं.
ती तेवढीच ओळ जरा मोठ्यानं म्हणायची,
दोघांची मिळून.

पाळक म्हणाले, क्षमा मोजायची नसते.
मग प्रभूनं आकडा कशाला दिला, मी विचारलं.
सात, आणि त्याच्या सत्तरपट.
माझी बोटं सातच उरलीत,
बहुधा तेवढ्यासाठीच ठेवली असतील.
ते हसले नाहीत. मीही नाही.

मच्छ्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं,
फवारणी पंप, स्टो, मिक्सर.
आतल्या भिंतीवर खडूनं रेघा मारायला लागलो.
आज त्याला सोडला, एक रेघ.
दुपारी नट निसटून गटारात गेला,
की सकाळची रेघ मीच थुंकी लावून पुसायचो.
चारशे नव्वदपर्यंत जायचं होतं.
एकसष्टच्या पुढं कधी गेलो नाही.
नाताळाआधी सुवार्तानं चुना काढला.
भिंत पांढरी, हिशेब गेला.
मी ओरडलो तिच्यावर.
ती बादली धूत म्हणाली,
मग पुन्हा एकपासून धर की.

मागल्या मंगळवारी तो आला.
पाठीवर पंप, केस पिकलेले,
एका डोळ्यावर पडदा.
"वॉशर गेलाय गा. करून देतोस काय?"
एवढंच. माफीबिफी काही नाही.
रात्र रात्र जागून मी जे भाषण रचलं होतं
त्याचं पहिलं वाक्यच आठवेना.
पंप आडवा केला, नळी सोडवली.
आत एक बारीक स्क्रू असतो,
डाव्या हातानं फिरवायचा,
उजव्याच्या दोन बोटांत धरून.
मी पकडीनं धरतो.
पकड सापडेना.
देवपुत्रनं न विचारता हात आत घातला
आणि माझं बोट असायचं तिथं
आपलं बोट धरलं.
मी अंगठा टेकवला, फिरवलं.
स्क्रू बसेपर्यंत आम्ही दोघं
त्या डब्यावर वाकलेले,
श्वासाला तंबाखूचा वास, कुणाच्या कोण जाणे.
त्याचं बोट थरथरत होतं,
वयानं की कशानं, मी विचारलं नाही.
माझ्या थोटक्या पेराला ते लागत होतं.
त्यानं काढलं नाही.
मीही हात मागं घेतला नाही.

किती झाले, म्हणाला.
चाळीस.
चाळीस घेतले.
फुकट दिलं असतं
तर त्याच्या डोक्यावर ओझं
आणि माझ्या डोक्यात मोठेपणा.
दोन्ही नकोत.
रस्ता ओलांडेपर्यंत तो मागं वळला नाही,
मी मात्र बघत होतो,
खानापूरकडची बस मध्ये येईपर्यंत.

रविवारी ती ओळ आली. खोकला आला नाही.
आला, पण उशिरा, आमेनच्या जवळ.
सुवार्तानं माझ्याकडे बघितलं नाही,
गीतपुस्तकाचं पान उलटलं.

नसलेल्या बोटांना रात्री अजून खाज सुटते.
तेव्हा अंधारात मी उरलेली मोजायला घेतो,
अंगठ्यापासून.
एक.